खालचा आकडा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते. असं असूनही संयोजकांनी मला निमंत्रण देताना एक अट घातली: फळा मिळणार नाही. गणितावर बोलायचं आणि फळ्याशिवाय! मी अट मान्य केली आणि उलट एक अट घातली, की आकडे सांगू द्या. तेव्हा सूत्र एकही येणार नाही, आकडे मात्र येतील. फासे येतील, पत्ते येतील आणि शेवटाकडे मटकाही येईल. अध्यक्षांनी दचकू नये, आकडा लावायला मी कुणाला सांगणार नाही.

विषय आहे संच, मोजणी आणि संभाव्यता. आपल्याकडे संच नववीत येतात, संभाव्यता दहावीत, आणि मोजणीच्या पद्धती त्याहून पुढे. तीन धडे, तीन परीक्षा. या तिघांचं एकमेकांशी नातं काय, हे कुणी सांगतं का? मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर हा एकच विषय आहे. संच म्हणजे काय मोजायचं ते ठरवणं, मोजणी म्हणजे ते मोजणं, आणि संभाव्यता म्हणजे त्या दोन मोजण्यांचा भागाकार. वर आपल्याला हव्या असलेल्या शक्यता, खाली एकूण शक्यता. वरचा आकडा माणसं बहुधा नीट मोजतात. फसतात ती खालच्या आकड्यात. आज मला सांगायचं आहे ते एवढंच; बाकी सगळी उदाहरणं.

पहिलं उदाहरण गॅलिलिओचं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यापुढे जुगाऱ्यांचा एक प्रश्न आला. तीन फासे टाकायचे आणि बेरीज पाहायची. बेरीज 9 येण्याचे प्रकार सहा: 1-2-6, 1-3-5, 1-4-4, 2-2-5, 2-3-4 आणि 3-3-3. बेरीज 10 येण्याचे प्रकारही सहाच: 1-3-6, 1-4-5, 2-2-6, 2-3-5, 2-4-4 आणि 3-3-4. इकडे सहा, तिकडे सहा. मग खेळणाऱ्यांना 10 थोडा जास्त वेळा पडतो असं का वाटतं?

गॅलिलिओनं काय केलं? सूत्र नव्हतंच, मग तो मोजायला बसला. तीन फासे तीन रंगांचे आहेत असं समजा. आता 1-2-6 हा एक प्रकार उरत नाही. कोणत्या रंगावर काय, याप्रमाणे तो सहा तऱ्हांनी पडतो. 1-4-4 तीन तऱ्हांनी पडतो. आणि 3-3-3 एकाच तऱ्हेने. ही बेरीज केली की 9 च्या वाट्याला 25 तऱ्हा येतात आणि 10 च्या वाट्याला 27. एकूण तऱ्हा 216. फरक 216 त 2 चा, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. इतका बारीक फरक त्या जुगाऱ्यांच्या नजरेत आला होता! मला गॅलिलिओइतकंच त्यांचंही कौतुक वाटतं. किती रात्री बसले असतील ते फासे घेऊन.

पण मुद्दा बघा. फाशांना रंग दिला काय, न दिला काय, फासे तसेच पडतात. बदलली ती आपली यादी. सहा-सहाच्या यादीतल्या नोंदी समान वजनाच्या नव्हत्या. 216 च्या यादीतल्या आहेत. ज्यातली प्रत्येक नोंद दुसरीइतकीच संभवते अशी यादी मिळेपर्यंत भागाकाराला हात लावायचा नाही. पाठ्यपुस्तकात या यादीला नमुना अवकाश म्हणतात, आणि एका ओळीत तिची व्याख्या उरकून पुढे जातात. त्या एका ओळीवर युरोपातली मोठमोठी माणसं अडखळलेली आहेत.

1654 साली पास्काल आणि फेर्मा यांच्यात जी पत्रं झाली, तिथून संभाव्यतेच्या शास्त्राचा जन्म मानतात. प्रश्न अर्धवट सोडलेल्या खेळाचा होता. दोन खेळाडूंनी प्रत्येकी 32 पिस्तोल, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या मोहरा, डावावर लावल्या. आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळे 64. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पैसे कसे वाटायचे? फेर्माची रीत अशी, की फार तर आणखी दोन डाव लागले असते, ते दोन्ही खेळले असं समजा. निकाल चार तऱ्हांनी लागू शकतो, त्यांपैकी तीन पहिल्याच्या बाजूचे. म्हणून त्याला 48, दुसऱ्याला 16. यावर रोबेर्वाल नावाच्या गणितज्ञानं हरकत घेतली. पहिल्यानं पुढचा डाव जिंकला की खेळ संपला. न खेळलेला डाव कशाला मोजता? हरकत ऐकायला अगदी व्यवहारी वाटते की नाही? पण ती मान्य केली तर यादी तीन नोंदींची होते आणि त्या तीन नोंदी सारख्या वजनाच्या नसतात.

बरं, हा वाद मिटला म्हणावा, तर शंभर वर्षांनी, 1754 साली, फ्रेंच विश्वकोशात दालांबेर लिहितो: नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता तीनात दोन. का? पहिल्यांदाच छापा आला तर काम झालं. नाहीतर काटा-छापा, नाहीतर काटा-काटा. तीन शक्यता, दोन आपल्या. खरं उत्तर चारात तीन. दालांबेर म्हणजे त्या काळातला पहिल्या रांगेतला गणिती! त्याचा भागाकार चुकला का? मुळीच नाही. खालचा आकडा चुकला.

आता जरा घरी येऊ. मोजणी ही आपल्याकडे फार जुनी विद्या. छंदातल्या लघु-गुरूंचे प्रकार किती, हे पिंगलानं मोजलं. आणि आपल्या महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट म्हणजे भास्कराचार्य. चाळीसगावजवळ पाटण इथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. 1150 च्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात भास्कराचार्य विचारतात, की शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आहेत, पाश, अंकुश, सर्प, डमरू वगैरे. हातांतली आयुधं अदलून-बदलून मूर्ती किती प्रकारच्या होतील? आणि विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्माच्या किती?

विष्णूचं उत्तर 24. पहिल्या हातात चारांपैकी कोणतंही, दुसऱ्यात उरलेल्या तिनांपैकी, तिसऱ्यात दोनांपैकी, चौथ्यात उरेल ते. इथे मुंज झालेली जी मंडळी असतील त्यांनी संध्येतली केशव-नारायण-माधव ही नावं आठवावीत. तीही 24 च. मूर्तिशास्त्रात चतुर्विंशती मूर्ती सांगितल्या आहेत, त्या या नावांच्या आणि ओळखायच्या त्या आयुधांच्या क्रमावरून. म्हणजे आचमन करताना आपण एक गणित पुरं म्हणत होतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता! शंकराचं उत्तर मात्र 36,28,800. हात चाराचे दहा झाले आणि उत्तर चोवीसवरून छत्तीस लाखांवर गेलं. मोजणीचा हाच गुण आणि हाच धोका. ती बघता बघता हाताबाहेर जाते. पत्त्यांचा साधा 52 पानांचा जोड घ्या. त्याचे क्रम किती? त्या संख्येत 68 अंक आहेत. नीट पिसलेला जोड तुमच्या हातात आला, तर तसा क्रम जगात यापूर्वी कुणाच्याही हातात आला नसेल, असं बेधडक म्हणता येतं.

इथे मला नेहमी एक चुटपुट लागते. इतकी मोजणी आपल्याकडे झाली, आणि द्यूत तर महाभारतातही आहे. नलाच्या कथेत ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या फांद्या पाहून पानं आणि फळं किती ते सांगतो, आणि नलाला अक्षविद्याही देतो. मोजणी आणि फासे एकाच माणसाच्या हातात! पण लीलावतीतली मोजणी खाली आणि फाशाचं दान वर, असा अपूर्णांक काही मांडला गेलेला दिसत नाही. असो. पुढे जाऊ.

आतापर्यंत यादी करणं आणि ती मोजणं झालं. आता दोन याद्या एकमेकींत मिसळतात तेव्हा काय होतं ते बघू. इथे संचांचं काम लागतं.

शेवालिए द मेरे हा पास्कालच्या ओळखीतला जुगाराचा शौकीन. त्या मंडळींचा हिशोब असा, की एक फासा टाकला तर 6 पडण्याची संभाव्यता सहात एक; चारदा टाकला तर चौपट, म्हणजे सहात चार. ऐकायला ठीक वाटतं. मग सहादा टाकला तर सहात सहा? म्हणजे सहा वेळांत 6 पडलाच पाहिजे? ज्यानं ल्यूडोत सोंगटी घरातून बाहेर काढायला वाट पाहिली आहे त्याला विचारा! चूक कुठे आहे? फासा दोनदा टाका. 36 शक्यतांपैकी पहिल्यांदा 6 पडतो अशा सहा, दुसऱ्यांदा पडतो अशाही सहा. बेरीज बारा नव्हे, अकरा. कारण 6-6 ही जोडी दोन्ही संचांत आहे, ती आपण दोनदा मोजली. दोन संच एकत्र करताना सामाईक भाग एकदा वजा करायचा, हे नववीच्या पुस्तकात दोन गोल काढून दाखवलेलं असतं. ते गोल जुगाऱ्यांसाठी आहेत असं तिथे लिहिलेलं नसतं, एवढंच.

मग बरोबर उत्तर कसं काढायचं? उलट बाजूनं. चारही वेळा 6 पडला नाही, असं 1296 पैकी 625 वेळा होतं. उरले 671. म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त, पैज घेण्याजोगं. द मेरेचा दुसरा खेळ दोन फाशांचा. 24 वेळा टाकून निदान एकदा 6-6. त्याच्या त्रैराशिकाप्रमाणे दोन्ही खेळ सारखे, कारण सहाला चार तसे छत्तीसला चोवीस. प्रत्यक्षात या दुसऱ्या खेळात जिंकण्याची संभाव्यता शेकडा 49 च्या आसपास. हा खेळ तोट्याचा.

‘होईल का?’ हे अवघड वाटलं की ‘होणार नाही’ ते मोजा. ही युक्ती आपण याच सभागृहात वापरून बघू. इथे 23 जणांना उभं केलं, तर त्यांत एकाच तारखेला वाढदिवस असलेले दोघं निघतील का? बहुतेकजण म्हणतील, कसे निघतील, वर्षात दिवस 365 आणि माणसं 23. पण इथे माणसं मोजायचीच नाहीत, जोड्या मोजायच्या. 23 माणसांच्या जोड्या 253 होतात. सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या असण्याची संभाव्यता काढली तर ती निम्म्याहून खाली जाते. 50 माणसांत तर अशी जोडी सापडण्याची संभाव्यता शेकडा 97.

हे गणित परदेशातल्या पुस्तकात आहे. आपल्या सभागृहात ते चालणार नाही, बरं का! इथे माझ्या वयाची किती मंडळी अशी आहेत ज्यांचा शाळेच्या दाखल्यावरचा वाढदिवस 1 जून आहे? ... बघा, हात वर झाले. पहिलीत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, जन्मतारीख काय. वडील म्हणाले, लिहा तुम्हीच. मास्तरांनी लिहिलं 1 जून. आपल्या पिढीत 23 ची गरज नाही, दहा-बारा माणसांतच जोडी सापडावी. हसण्यावारी नेऊ नका. 365 दिवस सारख्या वजनाचे आहेत, हे त्या गणितानं गृहीत धरलं होतं. ते गृहीत आपल्या मास्तरांनी मोडलं.

समान वजन आपोआप मिळत नसतं. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. पण 1958 साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर पत्ते पिसण्यावर शोधनिबंध लिहिला. पत्ते पिसले म्हणजे ते खरोखर मिसळतात का, हा त्यातला प्रश्न. इतका मोठा माणूस, आणि विषय पत्ते पिसणं! पण त्यांना ठाऊक होतं, की तिथे गफलत असेल तर वरचं सगळं गणित वाळूवर उभं आहे.

इथवर फासे-पत्त्यांची मौज झाली. आता जे सांगणार आहे त्यात मौज नाही.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या एक वकीलबाई होत्या. त्यांची दोन तान्ही मुलं, एक 1996 साली आणि दुसरं 1998 साली, अचानक दगावली. आईवरच खुनाचा खटला झाला. एका नामांकित बालरोगतज्ज्ञानं साक्ष दिली, की अशा कुटुंबात एक बाळ कारण न सापडता दगावण्याची संभाव्यता 8,543 त एक. मग दोन बाळं? 8,543 ला 8,543 नी गुणा. जवळजवळ 7 कोटी 30 लाखांत एक. ज्यूरीनं हा आकडा ऐकला. 1999 साली त्यांना जन्मठेप झाली.

त्या गुणाकारात काय बिघडलं? पहिली गोष्ट, गुणाकार तेव्हाच करता येतो जेव्हा एका घटनेचा दुसरीशी काही संबंध नसतो. फाशांचा नसतो. सख्ख्या भावंडांचा नसतो का? रक्त तेच, घर तेच. एक बाळ गेलं असेल, तर दुसऱ्याचा धोका इतर घरांइतकाच राहतो हे कुणी ठरवलं? पहिलं गेल्यावर खालचा आकडा बदलतो. तो सगळ्या घरांचा राहत नाही, ज्या घरांत एक बाळ असं गेलं आहे त्या घरांचा होतो. तो संच वेगळा आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. क्षणभर धरून चालू, की तो आकडा बरोबर आहे. तरी त्याचा अर्थ ‘बाई निर्दोष असण्याची संभाव्यता 7 कोटींत एक’ असा होतो का? होत नाही. दोन बाळं अचानक जाणं दुर्मीळ आहे, हे खरं. पण आईनं एकामागून एक दोन तान्ह्या बाळांना मारणं काय रोजचं आहे? तेही अतिशय दुर्मीळच. कोर्टापुढे प्रश्न देशातल्या सगळ्या घरांचा नव्हताच. जिथे दोन बाळं गेलीच आहेत, अशा थोड्या घरांचा होता, आणि त्या घरांपैकी किती ठिकाणी खून आणि किती ठिकाणी निसर्ग, एवढाच होता. देशभराचा छेद या घराखाली लावला गेला. अठराव्या शतकात बेझ नावाचा पाद्री होऊन गेला. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1763 साली प्रसिद्ध झाला. काही एक घडलं आहे हे कळल्यानंतर कोणत्या संचातून मोजायचं, याची रीत त्यात होती. ती दोनशेहून अधिक वर्षं पुस्तकात पडून होती आणि कोर्टात कुणाला आठवली नाही. 2001 साली इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं जाहीर निवेदन काढून या आकड्यावर आक्षेप घेतला. 2003 साली, वैद्यकीय पुरावा दडून राहिल्याचंही उघड झाल्यावर, सॅली क्लार्क सुटल्या. 2007 साली त्या वारल्या.

हे ऐकून कुणी म्हणेल, की कोर्टातल्या तज्ज्ञालाही जमत नसेल तर सामान्य माणसाला काय जमणार? जमतं. आता मटक्याकडे येतो.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव मुंबईत तारेनं येत, आणि त्यांच्यावर पैसे लागत. मटक्यातले ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. ते भाव येणं बंद झालं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायची पद्धत पडली, आणि पुढे पत्ते काढायची. शून्यापासून नऊपर्यंतचे तीन अंक निघतात. ती झाली पत्ती. तिन्हींच्या बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे आकडा. 2-5-8 निघाले, बेरीज 15, आकडा 5.

क्रम सोडून मोजल्या तर पत्त्या किती? तिन्ही अंक वेगळे अशा 120, दोन सारखे अशा 90, तिन्ही सारखे अशा 10. एकूण 220, आणि प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर 22. हा तक्ता गिरणगावातल्या कैक लोकांना तोंडपाठ असे, आणि त्यांच्यातले बरेचजण चौथीच्या पुढे शाळेत गेले नव्हते. पण या 220 नोंदी समान वजनाच्या आहेत का? गॅलिलिओला विचारा. अंक एकामागून एक, प्रत्येक वेळी दहांतून मोकळेपणानं निघत असतील, तर तिन्ही वेगळ्या अंकांची पत्ती सहा तऱ्हांनी येते, दोन सारख्यांची तीन तऱ्हांनी आणि तिन्ही सारख्यांची एकाच तऱ्हेने. सहा गुणिले 120, तीन गुणिले 90, आणि वर 10. बेरीज नेमकी 1000. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला नेमक्या 100. हिशोब इतका स्वच्छ बसतो, की गणिताच्या माणसानं टोपी काढावी. म्हणूनच तिन्ही सारख्या अंकांच्या पत्तीला जास्त भाव देतात आणि तिन्ही वेगळ्यांच्या पत्तीला कमी.

मग लोक बुडाले कसे? आकडा लागण्याची संभाव्यता दहात एक आणि रूढ भाव एका रुपयाला नऊ. दहा रुपये दहा आकड्यांवर लावा, नऊ परत येतील. दर दहा रुपयांमागे एक रुपया घेणाऱ्याचा, चिठ्ठ्या प्रामाणिकपणे काढल्या तरी. आणि ‘सत्ता बरेच दिवस फिरला नाही, आज फिरणारच’ म्हणून दुप्पट लावणाऱ्याचा छेद काल दहा होता, आजही दहाच. त्या मडक्यात काल काय निघालं याची नोंद नसते. नोंद त्याच्या डायरीत असते.

सभागृहात बरेच शिक्षक दिसताहेत. त्यांना एक विनंती करून थांबतो. संच आणि संभाव्यता हे धडे येतील तेव्हा सूत्र पहिल्या दिवशी देऊ नका. दोन फाशांच्या छत्तीसच्या छत्तीस जोड्या मुलांच्या हातून वहीत लिहून घ्या. 2-5 आणि 5-2 वेगळ्या का लिहायच्या, यावर वर्गात भांडण होईल. ते लगेच मिटवू नका. त्यात एक आख्खा तास जाईल. तो तास वेळापत्रकातून कुठून काढायचा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.